दिवा गाडीत, परवानगी फाइलीत: अमेरिकेतल्या अडॅप्टिव्ह हेडलाइटचं प्रकरण

२०१३ साली ऑडीने आपली ए८ ही मोठी सेदान नव्या दिव्यांसह बाजारात आणली. प्रत्येक हेडलाइटच्या हाय बीममध्ये २५ एलईडी, आणि प्रत्येक एलईडी स्वतंत्रपणे मंद किंवा बंद करता येणारा. काचेमागच्या कॅमेऱ्याला समोरून येणारी गाडी दिसली की तिच्यावर पडणारे तेवढेच एलईडी विझतात, बाकीचा रस्ता हाय बीममध्ये उजळलेलाच राहतो. ड्रायव्हरला अप्पर-डिप्पर करावं लागत नाही आणि समोरच्याचे डोळेही दिपत नाहीत. जर्मनीत ही गाडी घेणाऱ्याला हे सगळं पहिल्या दिवसापासून मिळालं. अमेरिकेत मात्र कंपनीला ही सोय देता आली नाही. पुढे काही मॉडेलांत तर समोर बघून आपोआप बदलणाऱ्या या अडॅप्टिव्ह दिव्याचं (ऑडीच्या भाषेत ‘मॅट्रिक्स’) सगळं सामान अमेरिकी गाडीतही बसवलेलं असायचं. सॉफ्टवेअरने त्याला लो आणि हाय या दोनच अवस्थांत बांधून ठेवलेलं असे. ग्राहकाने पैसे मोजलेला दिवा त्याच्याच गाडीत निम्मा झोपलेला.

त्याच २०१३ मध्ये टोयोटाने अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाकडे अर्ज केला की, नियम बदला आणि या दिव्यांना वाट द्या. या संस्थेला तिकडे सगळे ‘नित्सा’ म्हणतात, आपणही तेच म्हणू. नित्साचा अंतिम नियम आला फेब्रुवारी २०२२ मध्ये. गंमत पुढेच आहे. परवानगी मिळाली तरी युरोपात वर्षानुवर्षं चाललेले दिवे अमेरिकेत लगेच सुरू झाले नाहीत, कारण नव्या नियमातल्या परीक्षेत ते बसत नव्हते.

‘अमेरिकी बाबूगिरी’ असं म्हणून या प्रकरणावर पडदा टाकता येतो, आणि मोटारींवर लिहिणाऱ्या अनेकांनी तेच केलं. ढिलाई होती, यात वाद नाही. पण नऊ वर्षांचा हिशेब तेवढ्याने लागत नाही. दिवा सुरक्षित आहे हे कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारावर सांगायचं, याची दोन वेगळी उत्तरं अटलांटिकच्या दोन काठांवर तयार झालेली आहेत. स्वतः निर्णय घेणारा दिवा आला, तेव्हा त्यांतलं एक उत्तर अडलं.

शिक्का आणि स्वयंघोषणा

युरोपात गाडीचा दिवा विकण्याआधी तपासला जातो. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या १९५८ च्या करारातून हे नियम येतात. उत्पादक नमुना घेऊन मान्यताप्राप्त तांत्रिक संस्थेकडे जातो, तिचा अहवाल सरकारी यंत्रणेकडे जातो, आणि मंजुरी मिळाली की दिव्यावर वर्तुळातला ‘ई’ आणि मंजुरी देणाऱ्या देशाचा क्रमांक उमटतो. जर्मनीचा १, फ्रान्सचा २, इटलीचा ३, नेदरलँड्सचा ४. एका देशाने दिलेला शिक्का तो नियम स्वीकारलेल्या बाकीच्या देशांना मानावा लागतो. आपल्याकडच्या पुष्कळ गाड्यांच्या हेडलाइटवरही हा ‘ई’ दिसतो, कारण तोच दिवा निर्यातीच्या गाडीतही जातो.

अमेरिका या १९५८ च्या करारात नाही. तिथे १९६६ चा वाहन सुरक्षा कायदा आहे आणि त्याखाली दिव्यांसाठी १९६८ पासून लागू झालेलं ‘मानक १०८’. हे मानक पाळल्याची घोषणा उत्पादक स्वतःच करतो. विक्रीआधी सरकारकडे जायचं नाही, शिक्का घ्यायचा नाही. नित्सा नंतर बाजारातून गाडी विकत घेते, प्रयोगशाळेत तपासते, आणि गाडी नापास झाली तर उत्पादकाला लाखो गाड्या परत बोलवाव्या लागतात, वर दंड. म्हणजे युरोपात दारावर पहारा, अमेरिकेत दार उघडं पण आत आल्यावर झडती.

या दुसऱ्या पद्धतीची एक अट कायद्यातच लिहिलेली आहे. मानक व्यवहार्य हवं, सुरक्षेची गरज भागवणारं हवं, आणि वस्तुनिष्ठ शब्दांत मांडलेलं हवं. उत्पादकाने स्वतःची परीक्षा स्वतः घेऊन ‘पास’ म्हणायचं आणि सरकारने नंतर तीच परीक्षा घेऊन ‘नापास’ म्हणायचं, तर परीक्षा दोघांच्या हातून अगदी सारखी व्हायला हवी. तपासणाऱ्याच्या मताला तिथे जागा ठेवता येत नाही. ठेवली तर कंपनीचा वकील पहिल्याच सुनावणीत ती परीक्षा फाडून टाकेल.

युरोपातल्या अडॅप्टिव्ह दिव्याच्या तपासणीत मात्र नेमकी अशी जागा आहे. दिव्याच्या वेगवेगळ्या अवस्था प्रयोगशाळेत मोजल्या जातात. पण कॅमेरा, संगणक आणि दिवा मिळून रस्त्यावर कसे वागतात, हे पाहायला तांत्रिक संस्थेचा माणूस गाडीत बसून फेरी मारतो. शहरातला रस्ता, अनेक मार्गिकांचा महामार्ग, गावाकडचा रस्ता असे प्रकार ठरलेले आहेत. समोरच्याला त्रास होतोय का, दिवा वेळेवर झुकतोय का, हे तो अनुभवी नजरेने ठरवतो. परीक्षकावर विश्वास असेल तर ही पद्धत उत्तम चालते आणि युरोपात ती चालली. अमेरिकेच्या कायद्यात या नजरेला किंमत शून्य.

बंद काचेचा वारसा

अमेरिकेच्या दिव्यांचा इतिहास पाहिला तर नित्साची भीड समजते, आणि थोडी चीडही येते. १९४० च्या मॉडेलांपासून तिथे सीलबंद दिवा आला: परावर्तक, फिलामेंट आणि भिंग एकाच काचेच्या कवचात, सात इंच व्यासाचा गोल. जुन्या जीपचा तोंडावळा आठवला की तो आकार डोळ्यांसमोर येईल. त्याआधी हरतऱ्हेचे दिवे होते. परावर्तक गंजायचे, धूळ आत जायची, आणि वर्षाभरात उजेड निम्मा व्हायचा. सीलबंद दिव्याने तो प्रश्न एका फटक्यात सोडवला. फुटला किंवा उडाला तर कुठल्याही पेट्रोल पंपावर तोच दिवा, त्याच मापाचा. त्या काळासाठी यापेक्षा शहाणा नियम सापडला नसता.

पण नियमात मापच लिहून ठेवलं की पुढचं सुचणं बंद होतं. युरोपात १९६२ पासून हॅलोजन बल्ब आले, आणि १९७१ मध्ये लो आणि हाय दोन्ही एकाच बल्बमध्ये देणारा एच४ आला, जो आपण अजून दुकानात जाऊन मागतो. अमेरिका काचेच्या बंद गोळ्यालाच धरून बसली. सित्रोएनने १९६७ मध्ये डीएस या गाडीला स्टिअरिंगबरोबर वळणारे दिवे काचेच्या आवरणाखाली बसवले. अमेरिकेत जाणाऱ्या डीएसला ती आवरणंही नव्हती आणि वळणारे दिवेही नव्हते. शेवटी १९८१ मध्ये फोर्डने अर्ज केला, १९८३ मध्ये परवानगी मिळाली, आणि १९८४ ची लिंकन मार्क सेव्हन ही सीलबंद काळानंतरची पहिली अमेरिकी गाडी ठरली जिच्या हेडलाइटचा नुसता बल्ब बदलता येत होता. त्या अर्जाचा निकाल दोन वर्षांत लागला होता, हे टोयोटाच्या अर्जाशी ताडून पाहण्यासारखं आहे.

उजेडाच्या मर्यादेतही दोन्हीकडे मोठी तफावत राहिली. अमेरिकेत हाय बीमच्या एका दिव्याला ७५,००० कँडेलाची कमाल मर्यादा आहे (कँडेला म्हणजे एका दिशेने जाणाऱ्या उजेडाची तीव्रता). युरोपीय नियमात एका गाडीचे एकाच वेळी लागणारे सगळे हाय बीम मिळून ४,३०,००० कँडेलापर्यंत जाता येतं. दोन दिव्यांची गाडी धरली तर दर दिव्याला जवळजवळ तिप्पट. लो बीमचं गणित उलटं आहे. अमेरिकी लो बीम थोडा वर सांडतो, रस्त्यावर टांगलेल्या पाट्या दिसाव्यात म्हणून. युरोपीय लो बीमची वरची कड सुरीने कापल्यासारखी असते, समोरच्याला जपण्यासाठी. रस्ता दाखवणं महत्त्वाचं की समोरच्याचे डोळे, या जुन्या भांडणात दोघांनी आपापली बाजू कधीच निवडून ठेवली होती. अडॅप्टिव्ह दिवा हे भांडणच मिटवू पाहत होता.

अर्ज, मोजणी आणि थांबलेली फाइल

टोयोटाच्या अर्जापुढची कायदेशीर अडचण साधी होती. मानक १०८ ला दोनच बीम माहीत होते, लो आणि हाय, आणि त्या दोघांत आपोआप अदलाबदल करणारं उपकरण. अर्धा हाय, मध्ये काळी खाच, पुन्हा हाय, अशा झोताला त्यात नावच नव्हतं. नित्साला बंदी घालावीच लागली नाही, नियमाच्या जुन्या चौकटीने ते काम आधीच केलेलं होतं.

नित्साने मग मोजायला घेतलं. ओहायोतल्या चाचणी केंद्रात युरोपीय दिव्यांच्या ऑडी, बीएमडब्ल्यू, लेक्सस आणि मर्सिडीज गाड्या बंद पट्ट्यावर फिरवल्या, समोरच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या डोळ्यांच्या जागी लक्समापक, म्हणजे पडणारा उजेड मोजणारी उपकरणं, बसवले आणि २०१५ मध्ये अहवाल काढला. सरळ रस्त्यावर हे दिवे बहुतेक वेळा चांगले वागत होते. वळणावर, चौकात, आणि समोर मोटारसायकल असताना चूक होत होती. काही क्षण समोरच्यावर लो बीमपेक्षा जास्त उजेड पडत होता.

ही मोजणी मला या प्रकरणातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते. युरोपातल्या परीक्षकाच्या नजरेने पास केलेला दिवा लक्समापकासमोर काही ठिकाणी नापास होतो, हे कोणीतरी मोजून दाखवायला हवंच होतं. शिवाय नित्साच्या मागे जुनं दुखणं होतं. एचआयडी (झेनॉन) दिवे आले तेव्हा, २००१ च्या सुमारास, तिने लोकांकडून चकाकीबद्दल सूचना मागवल्या होत्या, आणि समोरून येणाऱ्या दिव्यांनी काही दिसत नाही म्हणणारी हजारो पत्रं आली होती. अशा संस्थेने हाय बीम सतत चालू ठेवणाऱ्या दिव्याकडे संशयाने पाहिलं तर नवल नाही.

पण अहवालानंतरची वर्षं माफ करता येत नाहीत. २०१६ मध्ये वाहन अभियंत्यांच्या ‘एसएई’ या संघटनेने अडॅप्टिव्ह दिव्यांसाठी स्वतःचं मानक काढलं. चाचणी तयार, मर्यादा तयार. कॅनडाने २०१८ मध्ये युरोपीय नियम किंवा हे एसएईचं मानक, यांपैकी कुठलंही पाळा म्हणून दार उघडलं. त्यानंतर कॅनडात विंडसरच्या शोरूममध्ये जो दिवा पूर्ण ताकदीने विकता येत होता, तोच नदीपलीकडे डेट्रॉइटमध्ये अर्धा बंद करून विकावा लागत होता. मोटारींची राजधानी ती, आणि दिवा पलीकडच्या काठावर. नित्साचा मसुदा आला ऑक्टोबर २०१८ मध्ये. मग पुन्हा शांतता.

त्याच काळात अमेरिकेच्या रस्त्यांवर पायी चालणाऱ्यांचे मृत्यू वाढत होते. २००९ मध्ये ते सुमारे ४,१०० होते, २०२२ मध्ये ७,५०० च्या वर गेले, आणि साधारण तीन चतुर्थांश मृत्यू अंधारातले. याला हेडलाइट हेच कारण, असं म्हणणं चुकीचं ठरेल. गाड्या उंच आणि जड झाल्या, वेग वाढले, फोन आले. पण हेडलाइट वाईट होते हेही खरं. विमा कंपन्यांच्या पैशावर चालणाऱ्या महामार्ग सुरक्षा संस्थेने २०१६ मध्ये पहिल्यांदा हेडलाइटना गुण द्यायला सुरुवात केली, तेव्हा मध्यम आकाराच्या ३१ मॉडेलांपैकी एकच, टोयोटा प्रियस व्ही, ‘चांगला’ ठरला. बाकी सगळे मानक १०८ पाळत होते आणि तरीही रस्ता नीट दाखवत नव्हते. मानक प्रयोगशाळेतल्या दिव्याला तपासत होतं. गाडीवर तो किती सरळ बसवला आहे, वळणावर काय दिसतं, हे त्याच्या कक्षेतच नव्हतं. त्यानंतर २०१९ मध्ये अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने दाखवलं की युरोपीय अडॅप्टिव्ह दिवा अमेरिकी लो बीमच्या तुलनेत रस्ता ८६ टक्क्यांपर्यंत जास्त उजळू शकतो.

फाइल शेवटी संसदेने हलवली. नोव्हेंबर २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात एक कलम घातलं गेलं: दोन वर्षांत अडॅप्टिव्ह दिव्यांचा नियम पूर्ण करा. नित्साने तो तीन महिन्यांत जाहीर केला. सगळं तयार होतं तर कायद्याची वाट का पाहिली, हा प्रश्न कोणाच्याही मनात येईल.

परवानगी, पण कशाची

२०२२ चा नियम बारकाईने वाचला की नित्साने काय केलं ते कळतं. तिने रस्त्यावरच्या अनुभवी नजरेची जागा घेईल अशी यांत्रिक परीक्षा बांधली. मसुद्यात खऱ्या धावत्या गाड्या समोर आणायच्या होत्या. अंतिम नियमात त्यांच्या जागी उभ्या चौकटी आल्या. चौकटीवर गाडीचे दिवे आणि त्यांच्याजवळ लक्समापक. अशा चार चौकटी आहेत: समोरून येणारी मोटार किंवा ट्रक, समोरून येणारी मोटारसायकल, पुढे चाललेली मोटार किंवा ट्रक, पुढे चाललेली मोटारसायकल. चाचणीची गाडी सरळ पट्ट्यावर आणि ठरावीक त्रिज्येच्या डाव्या-उजव्या वळणांवर या चौकटींकडे येते, आणि तिचा उजेड अंतरागणिक मोजला जातो.

समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर १५ ते ३० मीटरच्या टप्प्यात साधारण ३.१ लक्सपर्यंत उजेड चालतो, १२० मीटरपलीकडे ०.२८ लक्सच. हे आकडे आले कुठून, तर जुन्याच लो बीमच्या मर्यादांवरून काढलेले. तर्क बिनतोड आहे: आजच्या लो बीमने समोरच्याला जेवढा त्रास होतो, त्याहून जास्त नव्या दिव्याने होता कामा नये. क्षणिक उसळीला, गाडी खड्ड्यावरून डुलल्यामुळे होते तशी, थोडी सूट आहे.

इथपर्यंत मी नित्साच्या बाजूने आहे. अडचण पुढच्या अटींत आहे. झोतातला जो भाग मंद केला जाईल तिथे लो बीमचे सगळे आकडे जुळायला हवेत, कमाल आणि किमानही. जो भाग मंद केलेला नाही तिथे हाय बीमचे. दोन्हींच्या मधला संक्रमणाचा पट्टा एक अंशाहून रुंद नको. आणि हाय बीमची ७५,००० कँडेलाची मर्यादा होती तिथेच. २५ मोठ्या एलईडींच्या दिव्यात एक एलईडी विझला की पडणारी सावली एक अंशात संपेलच असं नाही. सावलीत लो बीमएवढा किमान उजेड राखायचा तर प्रत्येक ठिपका अगदी बारीक मंद करता यायला हवा. युरोपीय दिवे युरोपीय परीक्षेसाठी घडवलेले होते. त्यांच्या सावल्या रुंद आणि उदार, त्यांचा हाय बीम अमेरिकी मर्यादेच्या कितीतरी वर. म्हणून सॉफ्टवेअरचा बंध काढून टाकला की झालं, असं इथे नव्हतं. अमेरिकेसाठी दिवाच वेगळा घडवावा लागणार होता, आणि एका बाजारासाठी हेडलाइट नव्याने घडवायचा म्हणजे नवे साचे, नवी चाचणी आणि वर्षांचं काम. वर स्वयंघोषणेचा धोका उत्पादकाच्याच डोक्यावर.

मला विचाराल तर नित्साने प्रश्न बरोबर विचारला आणि उत्तरात दोन गोष्टी मिसळल्या. समोरच्याचे डोळे दिपू नयेत, यासाठी लक्सची मर्यादा पुरेशी होती. ती पाळली जातेय ना, मग सावलीची कड किती अंशांत संपते हे उत्पादकावर सोडता आलं असतं. कॅनडाने सोडलंच होतं. सीलबंद दिव्याच्या काळात नियमाने परिणामाऐवजी दिव्याचं रूपच लिहून ठेवलं होतं. २०२२ मध्ये तीच सवय एका अंशाच्या अटीत शिल्लक दिसते.

नियमानंतर पहिली अडॅप्टिव्ह गाडी जुन्या युरोपीय घराण्यातून आली नाही. रिव्हियन या अमेरिकी विद्युत-वाहन कंपनीने २०२४ मध्ये आर१ च्या नव्या आवृत्तीत ही सोय दिली, २०२५ मध्ये टेस्लाने सॉफ्टवेअरमधून सुरू केली. दोघांचा घरचा बाजार अमेरिका, त्यामुळे दिवा घडवताना अमेरिकी परीक्षा त्यांच्यासमोर पहिल्यापासून होती. ज्यांनी हे तंत्र जन्माला घातलं ते मागे राहिले. २०१९ किंवा २०२० मध्ये न्यू जर्सीत मॅट्रिक्स दिव्यांची ऑडी घेतलेल्या आपल्या एखाद्या मराठी माणसाला ‘नियम आला ना, मग आता चालू करून द्या’ असं शोरूममध्ये म्हणावंसं वाटलं असेल. उत्तर वरच्या परिच्छेदांत आहे.

महाराष्ट्राशी या उद्योगाचा एक धागा इथे सांगायलाच हवा. बजाजला सुटे भाग पुरवत छत्रपती संभाजीनगरात वाढलेल्या व्हॅरॉकने २०१२ मध्ये व्हिस्टिऑन या अमेरिकी कंपनीचा दिव्यांचा व्यवसाय विकत घेतला आणि मराठवाड्यातली कंपनी युरोप-अमेरिकेतल्या मोटारींना हेडलाइट पुरवू लागली. चारचाकींच्या दिव्यांचा तिकडचा व्यवसाय तिने २०२२ मध्ये, म्हणजे अमेरिकेचा नियम आला त्याच वर्षी, प्लास्टिक ऑम्नियम या फ्रेंच कंपनीला विकला.

चौकटीत नसलेली सायकल

या प्रकरणावर लिहिणाऱ्यांनी एका तपशिलाकडे फारसं लक्ष दिलेलं नाही. युरोपीय नियमात अडॅप्टिव्ह दिव्याच्या सेन्सरने काय काय ओळखायला हवं ते लिहिलं आहे: समोरून येणारं मोटारवाहन किमान ४०० मीटरवरून, पुढे चाललेलं किमान १०० मीटरवरून, आणि समोरून येणारी सायकल किमान ७५ मीटरवरून. सायकल म्हणजे काय याचीही व्याख्या आहे. जमिनीपासून ०.८ मीटर उंचीवर १५० कँडेलाचा पांढरा दिवा, सुमारे १० चौरस सेंटिमीटर क्षेत्राचा. अमेरिकेच्या चार चौकटींत सायकल नाही.

हा फरक रस्त्यावरच्या सायकलींतूनच आलेला आहे. जर्मनीत सायकलचा दिवासुद्धा मोटारीसारखा प्रमाणित करावा लागतो. रस्ता वाहतूक परवाना नियमांचं ६७ वं कलम त्यासाठी आहे, मंजूर दिव्यावर नागमोडी रेघ आणि ‘के’ क्रमांक असतो, झोताची वरची कड कापलेली हवी आणि लुकलुकणारा दिवा चालत नाही. २०१३ पर्यंत तर तिथे बहुतेक सायकलींना डायनॅमोच सक्तीचा होता, बॅटरीचा दिवा त्या वर्षी पर्याय म्हणून मान्य झाला. डायनॅमोच्या या हट्टाला लोक हसायचे, पण त्यामुळेच तिथे सायकलच्या दिव्यांचे कारखाने मोटारीच्या दिव्याइतक्या गांभीर्याने भिंगं घडवू लागले. अमेरिकेत ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा १९७० च्या दशकातला नियम नव्या सायकलीला फक्त परावर्तक लावायला सांगतो. दिवा लावणं हा राज्याच्या वाहतूक कायद्याचा आणि चालवणाऱ्याचा विषय, आणि तो दिवा कसा असावा याला संघीय मानक नाही. मग नित्साने चौकटीवर बसवायला सायकलचा दिवा आणायचा तरी कुठला? कोणी २० कँडेलाचा लुकलुकता ठिपका लावतो, कोणी आभाळाकडे तोंड केलेला हजार लुमेनचा टॉर्च. मानक नसलेल्या वस्तूची वस्तुनिष्ठ परीक्षा घेता येत नाही, म्हणून ती परीक्षेतूनच गळते. एका खात्याने पन्नास वर्षांपूर्वी न लिहिलेल्या मानकाची किंमत दुसऱ्या खात्याच्या नियमात, अंधाऱ्या रस्त्यावर सायकलवाला मोजतो.

आपल्याकडे

भारत टाइप अप्रूव्हलच्या, म्हणजे विकण्याआधी मंजुरी घेण्याच्या, बाजूचा. १९५८ च्या करारात आपण नाही, १९९८ च्या जागतिक करारात २००६ पासून आहोत. गाड्यांच्या दिव्यांची मानकं बरीचशी युरोपीय मजकुरावरून घेतलेली, डाव्या बाजूच्या वाहतुकीसाठी झोत आरशातल्यासारखा उलटा केलेला. तपासणी पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन-संशोधन संस्थांत होते आणि पुण्याच्या उद्योगात या सगळ्याला ‘होमोलोगेशन’ हाच शब्द चालतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत चकाकीची एक जुनी कसोटीही आहे: दिव्यापासून ८ मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोत दिपवता कामा नये. नित्साच्या चौकटींपुढे ही कसोटी बाळबोध वाटेल, पण समोरच्याच्या डोळ्यांची जागा तीन आकड्यांत पकडण्याची कल्पना तीच आहे. फरक एवढाच की द्रुतगती मार्गावर समोरून एलईडी बार लावलेली गाडी आली तर ते तीन आकडे मोजायला तिथे कोणी उभं नसतं.

१ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिनाबरोबर आपोआप लागतो. तेव्हा त्यावर बरीच चेष्टा झाली, दिवसा दिवा कशाला म्हणून रस्त्यात हात हलवून सांगणारे अजून भेटतात. अडॅप्टिव्ह दिव्याच्या कॅमेऱ्याच्या दृष्टीने मात्र हा नियम मोलाचा आहे, कारण कॅमेरा मुख्यतः दिवे शोधतो, आणि ज्या मोटारसायकलींवर ओहायोत त्याची चूक होत होती त्या आपल्या रस्त्यांवर बहुसंख्य आहेत.

दिवा नसलेल्यांचं काय, हा प्रश्न आपल्याकडे अमेरिकेहून मोठा आहे. सायकलच्या परावर्तकांसाठी केंद्राने २०२० मध्ये गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला. परावर्तक चांगला हवा हे ठरलं, दिवा हवा हे नाही. युरोपीय व्याख्येतली १५० कँडेलाची सायकल कोल्हापूर-सांगली रस्त्यावर शोधून सापडणार नाही. गळीत हंगामात त्याच रस्त्यावर दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर येतो. पुढचा एक दिवा गेलेला, मागे कधी परावर्तक पट्टी, कधी नुसती उसाची वाडं. एकच दिवा चालू असलेला हा ट्रॅक्टर कॅमेऱ्याला मोटारसायकल वाटणार नाही कशावरून? तसं वाटलं तर झोतातली खाच मोटारसायकलीएवढीच पडेल, आणि त्या दिव्याच्या बाजूला बसलेल्या ट्रॅक्टरवाल्याच्या तोंडावर पूर्ण हाय बीम जाईल. आपल्या रस्त्यांसाठी ही परीक्षा कधी लिहायची झाली तर नित्साच्या चार चौकटींना पाचवी या ट्रॅक्टरची जोडावी लागेल, सहावी परावर्तकावर चालणाऱ्या सायकलची, आणि या दोन्ही उसन्या घ्यायला कुठल्याच देशाच्या नियमात मिळणार नाहीत.